केमोनंतर पेट स्कॅन स्वच्छ आलाय, तरी काखेतल्या सगळ्या गाठी काढायच्या का?

सांगलीवाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असतो, आरोग्याच्या विभागात पहिल्यांदाच लिहितोय. लांबण लागेल, गोड मानून घ्या.

थोरली बहीण, वय ५२. उजव्या स्तनात मोठी गाठ, काखेतही गाठी. बायोप्सीत हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा आजार), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नाही). फुप्फुसं, यकृत, हाडं सगळं मोकळं. आजार बराच पुढे गेलाय पण शरीरात इतरत्र पसरलेला नाही, असं सांगून डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी केमो दिली. आधी एसी नावाची दोन औषधं, मग दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल. ताईने दात-ओठ खाऊन ते निभावलं. आता पेट स्कॅनमध्ये स्तनातली गाठ जराशीच उरलीय आणि काखेत काहीच दिसत नाही.

इथून पुढे घरात दोन तट पडलेत. आमच्याकडचे सर्जन म्हणतात, स्तनासोबत काखही पूर्ण साफ करायची, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पुण्यात दुसरं मत घेतलं, तर ते म्हणाले आधी सेंटिनेल, म्हणजे काखेतल्या पहिल्या मोजक्याच गाठी काढून तपासणं, करून बघता येईल, पण खात्री देत नाही. दाजींचं म्हणणं, गाठी गेल्या आहेत तर कापायच्या कशाला? आई देवाला नारळ फोडून मोकळी झालीय.

आणि ताई ब्लाऊज शिवते. चांगलं चालतं तिचं, लग्नसराईत दोन बायका हाताखाली असतात. कात्री उजव्या हातात. ओळखीतल्या एका बाईंचा ऑपरेशननंतर हात सुजून खांबासारखा झालेला तिने पाहिलाय. कॅन्सरपेक्षा तिला त्या हाताची धास्ती जास्त आहे.

अनुभव असलेल्यांनी लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर फारच बरं.

झुळूक

ताईंना खूप शुभेच्छा. मला यातलं काही कळत नाही, पण वाचतेय. तुमच्या पुरणाच्या दिंडांची पाकृ अजून करते मी.

बंद_घड्याळ

माझं स्पष्ट मत, नको. आणि हे मी नाही, आपल्या मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने सिद्ध केलंय. डॉ. राजेंद्र बडवे यांचा अभ्यास, २०१५ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. ३५० बायका घेतल्या, निम्म्यांचं केमोनंतर स्तनाचं आणि काखेचं ऑपरेशन केलं, निम्म्यांचं नाही. जगण्याचा मध्यक ऑपरेशनवाल्यांचा १९.२ महिने, बाकीच्यांचा २०.५. म्हणजे उपयोग शून्य. तरी लोक कापतातच, कारण हॉस्पिटलं चालायला हवीत.

खडूस_काकू

घड्याळ बंद असलं तरी दिवसातून दोनदा बरोबर असतं म्हणतात. ही त्यातली वेळ वाटत नाही. डॉक्टर लोक, कुणी आहे का?

निवृत्त_चाकू

आहे. सर्जरीतून निवृत्त झालोय, सवय सुटली नाही. स्तनाच्या शस्त्रक्रिया आयुष्यभर केल्या. पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण गैरसमज तरी दूर करतो.

बंद_घड्याळ, आकडे तुमचे बरोबर, बायका वेगळ्या. त्या अभ्यासातल्या सगळ्यांना निदानाच्या वेळीच आजार हाडात, यकृतात किंवा फुप्फुसात गेलेला होता. म्हणजे चौथी पायरी. तिथे प्रश्न असा होता की आजार शरीरभर असताना मूळ जागा काढून आयुष्य वाढतं का. नाही वाढत, हे टाटाने दाखवलं आणि पुढे अमेरिकेतल्या अभ्यासातही तेच आलं. धागाकर्त्याच्या बहिणीची तिसरी पायरी आहे. इथे उद्देश बरं करण्याचा आहे, आणि त्यात शस्त्रक्रिया हा मुख्य भाग आहे. तिसरीच्या पेशंटला चौथीचा निकाल लावलात तर बरी होऊ शकणारी बाई हातची जाईल.

आता पेट स्कॅन. विमानातून शेत हिरवंगार दिसतं, तण दिसत नाही. काही मिलिमीटरपेक्षा लहान बेटं पेटला दिसतच नाहीत, आणि केमोनंतर उरतात ती नेमकी तशीच. काखेत आजार असलेल्या बायकांना आधी केमो देऊन मग ऑपरेशन केलं, असा एक मोठा अमेरिकी अभ्यास २०१३ साली आला, झेड-१०७१ नावाचा. त्यात केमोनंतर काख सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर स्वच्छ निघाली सुमारे ४१ टक्क्यांमध्ये. पण ही सरासरी. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ६५ टक्क्यांच्या आसपास, ट्रिपल निगेटिव्हमध्ये (हार्मोन नाही, हर-टूही नाही) जवळपास निम्म्या, आणि हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असेल तर फक्त २१ टक्के. तुमची बहीण या शेवटच्या गटात येते. स्कॅन काहीही म्हणो, काखेत काही उरलं नसेल यावर मी पैज लावणार नाही.

दाजींना एवढं सांगा की दिसत नाही आणि नाही, यातला फरक काढलेल्या गाठींचे ब्लॉक सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय कळत नाही.

माझा एकच प्रश्न. केमोच्या आधी पहिल्या तपासणीत काखेतल्या गाठी सुट्या, हलत्या होत्या की एकमेकींना चिकटलेल्या? केसपेपरवर लिहिलेलं असेल. शोधा.

बंद_घड्याळ

बरं. पण चौथीवाल्यांबद्दल मी म्हणालो ते बरोबरच होतं ना?

खडूस_काकू

हो रे बाबा, बरोबर. घे एक लाडू.

ओवी

डॉक्टरसाहेबांचा मान राखून, मला दुसरी बाजू मांडायचीच आहे, कारण ती बाजू माझ्या डाव्या खांद्याला लटकलेली आहे.

माझी काख पूर्ण साफ केली, वर शेकही (रेडिएशन) घेतला. हात सुजायला लागला तो ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी, सगळं संपलं असं वाटत असताना. आधी बांगड्या चढेनात. मग बाही घट्ट. मग सकाळी बरा आणि संध्याकाळी जड असं रोजचं झालं. एकदा स्वयंपाकघरात बोट चिरलं, दुसऱ्या दिवशी हात लालभडक, थंडी वाजून ताप, आणि दवाखान्यात भरती. आता रोज स्लीव्ह, म्हणजे सूज दाबणारी घट्ट बाही घालते, मे महिन्यातसुद्धा. दंडाची आतली बाजू तर अजून बधिर आहे, तिथे मुंगी चावली तरी कळत नाही. आणि माझ्या रिपोर्टमध्ये काढलेल्या गाठींपैकी एकीतही आजार निघाला नाही. एकीतही नाही! मग त्या काढल्या कशासाठी, हा प्रश्न मी स्वतःला विचारत बसत नाही, पण ताईंच्या वतीने विचारते.

सगळी काख काढली की पाचात एकीचा हात सुजतो, सेंटिनेलने साधारण वीसात एकीचा. हे माझ्या फिजिओने दाखवलेल्या अभ्यासातलं आहे. कात्रीवर पोट असणाऱ्या बाईला हा फरक लहान नाही.

कोलोनकर

ओवी, घट्ट मिठी.

जर्मनीतून लिहितेय, मैत्रिणीचं इथेच झालं. तिच्या बायोप्सीच्या वेळीच काखेतल्या आजारी गाठीत बारीकशी धातूची क्लिप बसवली होती. केमोनंतर गाठ दिसेनाशी झाली तरी क्लिप तिथेच राहते. ऑपरेशनच्या वेळी ती क्लिपवाली गाठ आणि सेंटिनेल एवढंच काढलं, दोन्ही स्वच्छ निघाल्या, पुढे काख उघडली नाही. सांगलीवाडी, ताईंच्या गाठीत क्लिप आहे का?

सांगलीवाडी

एवढ्या सविस्तर प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. क्लिप वगैरे काही नाही, फाईल दोनदा चाळली. केसपेपर दाजींच्या कपाटात आहे, उद्या बघतो.

आरोग्यदूत_निसर्ग

ऑपरेशन अजिबात करू नका, चाकू लागला की कॅन्सर पसरतो. लक्ष्मणफळाचा रस, गव्हांकुर आणि कोमट पाण्यात हळद. माझ्याकडे शेकडो लोक बरे झालेत. व्यनि करा.

खडूस_काकू

रस तुम्हीच प्या, डोकं थंड राहील. संपादक मंडळ, कृपया लक्ष द्या.

घाटमाथा

हा ‘चाकू लागला की पसरतं’ प्रकार आमच्या घरात घडलाय, म्हणून गंमत सोडून लिहितो. माझ्या चुलतभावाच्या बायकोचंही असंच, केमोने गाठी विरघळल्या. घरात कुणीतरी हेच वाक्य टाकलं आणि वहिनींनी ऑपरेशन टाळलं. वर्षभर उत्तम. मग काखेत परत आलं, आणि या वेळी ते हाताच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात घुसलं होतं. तो हात सुजला, लुळा पडला आणि रात्रंदिवस दुखायचा. मॉर्फिनच्या गोळ्यांवर त्यांचे शेवटचे महिने गेले.

ओवीताई, तुमच्या त्रासाला कमी लेखत नाही. पण ऑपरेशन न करता आजार परतला तरी हात सुजतोच, हे कुणी सांगत नाही.

ओवी

घाटमाथा, मी ऑपरेशनच करू नका असं म्हटलेलं नाही, परत वाचा. मी म्हणतेय, कमीत कमी काढून कळत असेल तर आधी ते बघा.

घाटमाथा

मान्य.

इरसाल_म्हातारा

भांडण इतक्या लवकर मिटलं तर धागा शंभरी कसा गाठणार?

वऱ्हाडी_ठेचा

माह्या आईची गोष्ट. गळ्याच्या हाडावर गाठ निघाली म्हणून गावातल्या एका डॉक्टरनं सांगून टाकलं, चौथी स्टेज, घरी न्या. आम्ही रडून घेतलं. मग नागपूरला नेलं तर तिथल्या मॅडमनं सांगितलं का त्याच बाजूची, गळ्याच्या हाडावरची गाठ हे तिसऱ्याच स्टेजमध्ये धरतात, बरं करायच्या हिशोबानंच ट्रीटमेंट होते. केमो, ऑपरेशन, शेक, सगळं झालं. आई आता शेतात मजुरांवर ओरडून राहिली.

म्हणून म्हणतो, स्टेज कागदावर लिहून मागा. तोंडी ऐकू नका.

निवृत्त_चाकू

ठेचाराव, अगदी बरोबर. २००२ पर्यंत ती गाठ चौथ्या पायरीत धरत असत. नंतर वर्गीकरण बदललं, कारण या बायका नीट उपचार मिळाले तर पुष्कळ चांगल्या राहतात असं दिसलं. काही जणांच्या डोक्यात जुनं पुस्तकच राहिलंय.

कोलोनकर, क्लिपचा मुद्दा छान काढलात. सेंटिनेलमध्ये स्तनात निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचतात, ते वाहत ज्या गाठीत आधी पोचेल ती काढून तपासतात. केमोच्या आधी हे फार भरवशाचं आहे. केमोनंतर वाटा व्रणांनी बुजलेल्या असू शकतात, रंग भलतीकडून जातो आणि आजारी गाठ मागेच राहते. झेड-१०७१ मध्ये ज्या बायकांच्या काखेत आजार उरला होता, त्यांच्यातल्या १२.६ टक्क्यांमध्ये सेंटिनेलने खोटी ग्वाही दिली. तीन किंवा जास्त गाठी मिळाल्या तर हे प्रमाण १० च्या खाली येतं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये क्लिपवाली गाठ आणि सेंटिनेल दोन्ही काढून बघितलं तर २ टक्क्यांवर आलं. पण क्लिप केमोच्या आधी बसवावी लागते. हा धागा वाचणाऱ्या कुणाची केमो अजून सुरू व्हायची असेल तर डॉक्टरांना आजच विचारा.

आपल्याकडे किरणोत्सारी द्रव्याची सोय सगळीकडे नसते. टाटात त्यासाठी काखेच्या खालच्या भागातली चरबी गाठींसकट काढून तपासण्याची पद्धत रुळवली आहे. दंडाच्या आतल्या बाजूला जाणारा एक मज्जातंतू काखेतून आडवा जातो, त्याच्या खालचा भाग काढायचा. यंत्र लागत नाही, सर्जनचा हात बसलेला लागतो.

ओवीताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. मी तरुण होतो तेव्हा सगळ्यांचीच काख साफ करायचो, दुसरा मार्ग नव्हता. आज काही बायकांमध्ये तसं करण्याची गरज नाही. कुणामध्ये, ते त्या केसपेपरवर अवलंबून आहे.

ओवी

धन्यवाद डॉक्टर. पण युरोपातल्या त्या अमारोस अभ्यासाचं काय? २०१४ चा. काख साफ करण्याऐवजी नुसता शेक दिला तरी आजार परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे कमीच राहिलं, आणि हात सुजण्याचं प्रमाण पाच वर्षांनी २३ टक्क्यांऐवजी ११ टक्के. मग ताईंना शेकच का नाही?

निवृत्त_चाकू

तुम्ही अभ्यास करून येता, बरं वाटतं. पण त्या बायकांच्या काखेत हाताला गाठी लागत नव्हत्या, आजार फक्त सेंटिनेलमध्ये सापडला होता, आणि ऑपरेशनच्या आधी केमो झालेली नव्हती. इथे भरलेली काख होती, आणि केमोला पुरून उरलेल्या पेशी चिवट असतात. तो निकाल इथे लावायला माझा हात धजणार नाही.

पेशवेपार्क

वैद्यकीय चर्चेत माझी लुडबुड नको, व्यवहाराचं लिहितो.

१) महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, शेक तिन्ही बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. मात्र योजनेतल्या हॉस्पिटलातच, आणि मंजुरी आधी घ्यायची. नंतर बिल घेऊन गेलात तर कुणी विचारत नाही.

२) परळला टाटात जायचं ठरलं तर राहायची सोय आधी बघा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती. दोन्हीकडे हॉस्पिटलचं पत्र मागतात.

३) रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत असते, स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं तिकीट माफ. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

४) नुसतं मत हवं असेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’वरून ऑनलाइन मिळतं. रिपोर्ट चढवायचे, फेरी वाचते.

इरसाल_म्हातारा

गाडगे महाराज धर्मशाळेत बायकोबरोबर राहिलोय. तिथे जी माणसं भेटली ती नात्यातही भेटली नाहीत. शेजारच्या खोलीतल्या बिहारी गृहस्थाने मला लिट्टी करायला शिकवली, मी त्याला पिठलं शिकवलं. त्याचं पिठलं माझ्यापेक्षा चांगलं व्हायला लागलं, हे मात्र मी अजून विसरलेलो नाही.

झुळूक

पाकृ येऊ द्या आजोबा, वेगळा धागा काढा.

खडूस_काकू

अवांतर: ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती भूल देण्याचं इंजेक्शन टोचलं की आयुष्य वाढतं असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय. हेही लक्ष्मणफळच का?

निवृत्त_चाकू

नाही काकू, हे खरं आहे. टाटाचाच अभ्यास, पुन्हा बडवे, २०२३ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त. दीड हजारांवर बायका. लिडोकेन, म्हणजे दात काढताना टोचतात तेच, ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती दिलं. पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. औषध अगदी किरकोळ किमतीचं. पण त्या बायकांची आधी केमो झालेली नव्हती, थेट ऑपरेशन होतं. त्यामुळे इथे तो आकडा लावून हट्ट धरू नका. सर्जनला विचारायला हरकत नाही.

सांगलीवाडी

केसपेपर मिळाला. पहिल्या तपासणीची नोंद: ‘उजवी काख, अनेक गाठी, एकमेकींना चिकटलेल्या, हालचाल कमी’. खाली एन-टू लिहिलंय. पुण्याच्या डॉक्टरांना आम्ही फक्त नंतरचा पेट स्कॅन आणि बायोप्सी दाखवली होती, हा कागद दाखवलाच नव्हता.

निवृत्त_चाकू

तर मग बरंच स्पष्ट झालं. सेंटिनेलचे हे जे सगळे अभ्यास आहेत, त्यात बहुतांश बायका एन-वन होत्या, म्हणजे सुट्या, हलत्या गाठी. चिकटलेल्या गाठींच्या फार थोड्या. एन-वन असती, क्लिप असती, तर मीच म्हणालो असतो की आधी थोडं काढून बघा. मिलानमध्ये अशा निवडक बायकांना सेंटिनेल स्वच्छ निघाल्यावर तसंच सोडलं, आणि दहा वर्षांनी काखेत आजार परतला तो २ टक्क्यांपेक्षा कमी जणींमध्ये. पण चिकटलेल्या गाठी, हार्मोन पॉझिटिव्ह आणि क्लिप नाही, हे तिन्ही एकत्र आले की पारडं काख साफ करण्याकडे झुकतं. पुण्याच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा, बहुतेक तेही हेच म्हणतील.

आणखी एक. काख काढायची ती फक्त आजार काढायला नाही. केमोनंतर किती गाठींत किती उरलं, यावर पुढची औषधं ठरतात. हर-टू पॉझिटिव्ह असती आणि उरलं असतं तर टी-डीएम-वन नावाचं औषध देतात. हार्मोन पॉझिटिव्हमध्ये उरलेल्या गाठींच्या आकड्यावर अबेमासिक्लिबसारख्या गोळ्यांचा विचार होतो. काख न तपासता सोडली तर हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो.

आणि काख साफ करणं म्हणजे पहिली आणि दुसरी पातळी, काखेचा खालचा आणि मधला भाग. तिसरीत काही जाणवलं नाही तर सहसा तिथे जात नाहीत. सर्जनला हे विचारा. जितकं वर जाल तितका हाताला धोका वाढतो.

ओवी

पटलं. कागद आधी दिसला असता तर मी एवढी भांडले नसते. आता हाताचं बघू, त्यात मी उपयोगी पडेन.

मीच_ती_सुमी

एक विचारू? सगळे बोलले. दाजी, आई, दोन सर्जन, आपण सगळे. ताई काय म्हणतात?

सांगलीवाडी

सुमी, आजच बसलो होतो. कागद तिच्या समोर ठेवला, डॉक्टरांनी इथे लिहिलेलं वाचून दाखवलं. पाचात एकीचा हात सुजतो तेही सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे चौघींचा नाही सुजत.’ मग म्हणाली, ‘मागच्या वेळी कापलेलं कापड कमी पडलं तर गिऱ्हाईक परत येतं, इथं परत यायचं नाही मला. एकदाच काय ते करा.’ दाजी गप्प झाले. आई अजून नारळावरच आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी केसपेपर बघून मत बदललं. आता दोघांचं एकच आहे.

हातपाय_हलवा

अभिनंदन म्हणू का, माहीत नाही, पण निर्णय झाला हे चांगलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच पेशंट बघते. ताईंसाठी:

ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हातांची मापं घेऊन ठेवा. मनगट, कोपराच्या खाली-वर ठरावीक अंतरावर, टेपने. तुमच्या ताई हे माझ्यापेक्षा छान करतील. नंतर महिन्याला तीच मापं. सूज डोळ्यांना दिसण्याच्या आधी टेपला कळते, आणि लवकर धरली तर आटोक्यात राहते.

काखेतलं पाणी बाहेर काढणारी नळी निघेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नका, पण खांदा बांधूनही ठेवू नका. बोटं, मनगट, कोपर दुसऱ्या दिवसापासून. नळी निघाली की भिंतीवर बोटं चालवायची. काखेतून कोपरापर्यंत ताणलेल्या दोरीसारखं काही लागलं तर घाबरू नका, ते पुष्कळ जणींना होतं, व्यायामाने सुटतं. नळी काढल्यावर काखेत पाणी साठतं, ते सुईने काढतात.

‘या हाताने आता काही उचलायचं नाही’ हे डोक्यातून काढा. हात सुजलेल्या बायकांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली तर सूज वाढत नाही, हे २००९ सालीच अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय. शिवणकाम बंद करायचं कारण नाही. फक्त सलग तासन्‌तास नको, मध्ये उठून हात वर करून मूठ उघडझाप. सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान वापरा. जखम झाली, हात लाल आणि गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. इंजेक्शन आणि ब्लडप्रेशर शक्यतो दुसऱ्या हाताला. आणि वजन आटोक्यात. हे बोलायला कुणाला आवडत नाही, पण जाड बायकांमध्ये सूज जास्त दिसते.

ओवी

स्लीव्ह घेताना मापाची घ्या, तयार मिळते ती घेऊ नका. आणि एक नाही, दोन. एक धुवायला लागते, हे दुकानदार सांगत नाही.

इरसाल_म्हातारा

शिवणाऱ्या बाईला मापाचं शिकवताय होय.

सांगलीवाडी

मधे बरेच दिवस लिहिलं नाही, माफ करा. ऑपरेशन झालं. इथेच केलं, योजनेतून. नळी निघाली, एकदा पाणी काढावं लागलं. दंड आतून बधिर आहे, ओवीताईंनी सांगितलेलं असल्यामुळे ती घाबरली नाही.

ब्लॉकचा रिपोर्ट कालच आला. एकूण १६ गाठी, त्यातल्या तिघींत आजार. पेटमध्ये एकही दिसली नव्हती. दाजी तो रिपोर्ट दोनदा वाचून परत पाकिटात घालून ठेवून आले. स्तनातही थोडं उरलेलं होतं.

आता शेक आहे, नंतर लेट्रोझोल ही हार्मोन दाबणारी गोळी. गाठ मूळची ५ सेंटिमीटरच्या वर होती म्हणून अबेमासिक्लिबचाही विषय डॉक्टरांनी काढलाय. किंमत ऐकून आम्ही सगळे थंड. याबद्दल कुणाला काही माहिती?

निवृत्त_चाकू

तिघींत निघाला म्हणजे काढल्या ते योग्य झालं. शेक छातीला आणि गळ्याच्या हाडाच्या वरच्या भागाला देतील. काख साफ झालेली असल्यावर काखेला सहसा मुद्दाम देत नाहीत, पण रेडिएशनवाल्यांना तेवढं विचारून घ्या, कारण साफ केलेल्या काखेवर शेक म्हणजे सुजेला आमंत्रण.

गोळीचं: दोन वर्षं घ्यायची असते, जुलाब हा मुख्य त्रास. घ्यायची की नाही ते मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टला ठरवू दे.

पेशवेपार्क

महागड्या गोळ्यांसाठी कंपन्यांच्या सवलत योजना असतात, ऑन्कॉलॉजीच्या फार्मसीत विचारा. हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात जाऊन बसा, तिथे ट्रस्टांची यादी असते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही भरून ठेवा.

बंद_घड्याळ

ताईंना शुभेच्छा. मनापासून.

खडूस_काकू

बघा, चालू झालं.

आंबाडीची_भाजी

नवीन सभासद. आख्खा धागा वाचला. माझ्या आत्याची केमो येत्या सोमवारी सुरू होतेय, काखेत एकच गाठ आहे आणि ती हलते. ती क्लिप सोनोग्राफीवाले बसवतात की सर्जन? आणि सोमवारच्या आत होईल का?

निवृत्त_चाकू

सोनोग्राफीवर बघून रेडिऑलॉजिस्ट बसवतात, थोडा वेळ लागतो, त्याच दिवशी घरी. उद्या सकाळीच तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना फोन करा. आणि पहिल्या तपासणीच्या कागदाचा फोटो काढून ठेवा.